अठरा प्लेटा भिंतीवर, एक फळीवर : प्रकल्प नोंदी

शनिवार, ३ जानेवारी

आत्याचं खोकं आज अखेर माळ्यावरून खाली आलं. अकरा वर्षं ते तिथं होतं. दर वेळी माळा आवरताना कोणीतरी "जपून, फुटेल" म्हणायचं आणि ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. आत जुन्या टॉवेलांत आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या चिनी मातीच्या प्लेटा. मोजल्या, तेवीस भरल्या.

आत्यानं त्या एकेक करून जमवल्या, त्यामुळे पूर्ण सेट एकही नाही. निळ्या विलो नक्षीच्या (पूल, पॅगोडा, पक्षी असं चिनी धाटणीचं चित्र) सहा. तपकिरी छपाईच्या चार. सोनेरी काठाच्या लहान बशा सहा. निळ्या-पांढऱ्या नाताळ प्लेटा तीन. गुलाबी फुलांच्या दोन. पन्हळीदार कडेची, बारीक निळ्या रेघांची एक. आणि एक भलीमोठी लाल-निळी-सोनेरी, जी एका हातानं उचलायचा धीरच होत नाही.

आई प्रत्येक प्लेट हातात घेतली की आधी उलटी करते. आत्याचीही हीच सवय होती म्हणे. पुढची बाजू नंतर.

भिंत ठरलेली आहे: बैठकीच्या खोलीतली, बुटक्या कपाटाच्या वरची. रुंदी १८० सेंटिमीटर, कपाटाच्या माथ्यापासून वर वापरता येईल अशी उंची १५०. तिथं गेली कित्येक वर्षं एकच घड्याळ आहे. आईची अट एकच आणि मला ती पूर्ण पटली: प्लेटेवर असं काही करायचं नाही जे उद्या काढून टाकता येणार नाही. म्हणजे भोक पाडायचं नाही, मागे इपॉक्सी लावून हुक चिकटवायचा नाही, रंगाचा हात फिरवायचा नाही. भिंतीला हवी तेवढी भोकं पडू देत, ती बुजवता येतात.

रविवार, ४ जानेवारी

धुणं. बेसिनमध्ये नाही, नळाच्या तोटीला लागून जेवढे टवके उडतात तेवढे हातातून पडूनही उडत नसतील. प्लास्टिकच्या टबात तळाला जाड टॉवेल, कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब. एका वेळी एकच प्लेट. हातातल्या अंगठ्या काढून. सोनेरी काठ फक्त ओल्या मऊ फडक्यानं टिपले. सोनं झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या थराच्या वर, सगळ्यात शेवटच्या आणि कमी तापमानाच्या भट्टीत बसवलेलं असतं, म्हणून ते घासलं की जातं. विलोचा निळा मात्र झिलईच्या खाली आहे. त्याला काळजी नाही.

तपकिरी चारांपैकी तिघींच्या झिलईत केसांसारख्या बारीक रेषांची जाळी आहे. थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आक्रसली किंवा सच्छिद्र माती वर्षानुवर्षं दमट हवा पिऊन किंचित फुगली, की वरचा काचेसारखा थर ताणला जातो आणि असा तडकतो. त्या रेषांत पिवळट डाग उतरले आहेत. भावानं ब्लीचमध्ये बुडवायचं सुचवलं. नाही. घरगुती ब्लीच त्या रेषांतून मातीत शिरतं, नंतर पूर्ण निघत नाही, आणि वाळताना आत क्षारांचे स्फटिक तयार होऊन झिलईचे पापुद्रे उडवू शकतात. या तिघींना पाण्यात ठेवलंच नाही, ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू पुसल्या. डाग राहू देत.

सगळ्या टॉवेलवर, एकमेकींना न टेकवता. चिकटवायचं काही झालं तर पाठ कोरडी ठणठणीत लागणार, म्हणून आठवडाभर अशाच राहतील.

शनिवार, १० जानेवारी

आजचा दिवस पाठींचा. बसले होते दोन तासांसाठी आणि उठले तेव्हा दिवे लागले होते.

आधी टिचकी. प्लेट तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरायची आणि कडेला नखानं हलकेच वाजवायचं. सोनेरी काठाच्या बशा खणखणीत वाजतात आणि नाद रेंगाळतो. विलो प्लेटांचा आवाज बुटका, मातीचा. त्यांचा तो जातीचाच आवाज आहे, दोष नाही. पण तपकिरीपैकी दोन अगदी बद्द वाजल्या. टॉर्च तिरपा धरल्यावर दिसलं: कडेपासून मध्यापर्यंत केसासारखा तडा, दोघींनाही. डोळ्यांनी मी त्याला झिलईतलीच एक रेष समजले होते. या दोघी भिंतीवर जाणार नाहीत. कडांवर पकड बसली तर तडा पुढे सरकेल. पुन्हा टॉवेलात.

मग उजेड. खोलीत अंधार करून टॉर्च प्लेटेमागे धरला. सोनेरी काठाच्या बशांतून माझ्या बोटांची सावली दिसली, उबदार पिवळसर उजेडात. ही बोन चायना. तिच्या मातीत साधारण निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते आणि बाकी चिनी माती व एक प्रकारचा कुटलेला खडक. १८ व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड या भांडी बनवणाऱ्यानं हे मिश्रण पक्कं बसवलं. मोठी लाल-निळी आणि पन्हळीदार, दोन्हींतून उजेड आला पण पांढरा, थंड. त्या खऱ्या पोर्सेलिन. विलो आणि तपकिरीतून काहीच आलं नाही.

आता ठसे. पन्हळीदार प्लेटेच्या मागे निळ्या रंगात एकाखाली एक तीन लाटा हातानं काढलेल्या आहेत. ही १७७५ साली स्थापन झालेल्या रॉयल कोपनहेगन या डॅनिश पोर्सेलिन कारखान्याची खूण. तीन लाटा म्हणजे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या. बाजूला आणखी एक बारीकशी निळी खूण आहे. ती रंगवणाऱ्या हाताची. कोणाचा हात ते कळायला मार्ग नाही, पण कुंचला कुठे टेकला आणि कुठे उचलला ते दिसतं. मी त्या खुणेकडे पुढच्या नक्षीपेक्षा जास्त वेळ बघत बसले.

तपकिरीच्या मागे चौकटच्या पत्त्यासारखी एक आकृती छापली आहे, कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे, वरच्या गोलात रोमन चार. ही ब्रिटनमधली नक्षी-नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३ या काळातली. रोमन चार म्हणजे मातीच्या वस्तूंचा वर्ग. अक्षरांवरून नोंदणीचं साल आणि महिना काढता येतो. पण तो दिवस नक्षी नोंदवल्याचा. ही प्लेट त्यानंतर कधीही बनलेली असू शकते. भावानं लगेच "दीडशे वर्षांची" म्हणून टाकलं, त्याला हे समजावून सांगितलं.

सहा विलोंपैकी चारांवर नुसतं 'इंग्लंड' आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर, म्हणजे १८९१ पासून, तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं भाग पडलं. त्यामुळे देशाचं नाव दिसलं की प्लेट बहुधा त्यानंतरची. बाकी दोघींवर ठसाच नाही.

विलोबद्दल आणखी एक. पॅगोडा, पूल, पुलावरून जाणारी तीन माणसं, आकाशात दोन पक्षी. हे सगळं चिनी वाटतं, पण ही नक्षी इंग्लंडमध्ये १८ व्या शतकाच्या शेवटी चिनी चित्रांच्या धर्तीवर जुळवलेली आहे. पळून गेलेल्या प्रेमिकांची गोष्टही तिला तिकडेच मागाहून चिकटली. आत्या मला ती गोष्ट प्लेटेवर बोट फिरवत सांगायची, त्यामुळे मला ती चीनमधलीच खात्रीची गोष्ट वाटायची. हे कळून गोष्ट कमी झाली नाही.

ही नक्षी हातानं रंगवलेली नसते. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, त्यात रंग भरायचा, पातळ कागदावर छाप घ्यायचा, तो कागद एकदा भाजलेल्या कोऱ्या प्लेटेवर चोळून बसवायचा, मग कागद धुऊन टाकायचा. काठाची पट्टी वेगळी कापून गोल बसवतात. म्हणजे कुठेतरी तिची दोन टोकं जुळणारच. शोधली. सहाही प्लेटांत सांधा सापडला: एकीत नक्षी अर्धा सेंटिमीटर चुकली आहे, एकीत एक फूल मधोमध कापलं गेलंय. कोणीतरी घाईत होतं त्या दिवशी. टांगताना सांधा खाली ठेवायचा की वर, हा प्रश्न आला. पण चित्राचा पूल सरळ राहायला हवा, तेव्हा सांधा जिथे येईल तिथे.

मागे, कडेजवळ तीन ठिकाणी बोटाला टोचतात असे दाणे आहेत. टवका नव्हे. भट्टीत झिलई खाली चिकटू नये म्हणून प्लेट ज्या मातीच्या तिवईवर ठेवत, तिच्या टोकांच्या या खुणा.

रविवार, ११ जानेवारी

काल एक गोष्ट लिहायची राहिली, कारण ती आज सकाळी उजेडात नीट बघितली. सहावी विलो कधीतरी मधोमध दुभंगली होती. समोरून एक बारीक रेघ फक्त. मागे धातूचे चार टाचे, मोठ्या स्टेपलच्या पिनांसारखे, तड्याला आडवे ठोकलेले. हे काम करणारा कारागीर हिऱ्याच्या टोकाच्या सामत्यानं तड्याच्या दोन्ही बाजूंना मागून बारीक भोकं पाडतो, आरपार नाही, जाडीच्या अर्ध्यापर्यंतच. मग अंमळ आखूड ठेवलेला टाचा ताणून दोन भोकांत बसवतो. तो मागे ओढतो आणि दोन तुकडे एकमेकांना घट्ट धरून राहतात. चिकट असं काहीच नाही. आजच्यासारखे पक्के गोंद नव्हते तेव्हा चीनमध्ये आणि युरोपात, दोन्हीकडे, फुटलेली प्लेट अशी जोडत.

पाणी घालून बघितलं. थेंबही गळला नाही.

ही स्प्रिंगच्या हँगरवर जाणार नाही. स्प्रिंग वरून-खालून कडा आवळते आणि इथे ताण आधीच टाच्यांनी तोलून धरलेला आहे. मागे चिकटवायचं तर टाचे आडवे येतात. काय करायचं ते नंतर ठरवू. आईनं तिला बाजूला घेऊन स्वतःच्या खोलीत ठेवलंय.

शनिवार, १७ जानेवारी

मापं आणि वजनं. मोठी लाल-निळी ३१ सेंटिमीटर, १,१८० ग्रॅम. विलो पाच, मला वाटलं एकसारख्या, निघाल्या २५.२ पासून २६ पर्यंत, वजनात ऐंशी ग्रॅमचा फरक. तपकिरी दोन, २३. पन्हळीदार २२. नाताळ प्लेटा १८. लहान बशा १६, जेमतेम १७० ग्रॅमच्या.

प्रत्येकीचा वर्तमानपत्रावर गोल काढून कापला, मागे कोणती ते लिहिलं. मग जमिनीवर भिंतीच्या मापाची चौकट मास्किंग टेपनं आखून त्यात हे कागद मांडायला घेतले.

पहिला प्रयत्न ओळींचा: मोठी मध्ये, दोन्ही बाजूंना सारख्या. एकदम दुकानातल्या मांडणीसारखं झालं. प्लेटा एकसारख्या नसताना त्यांना कवायतीला उभं केलं की त्यांच्यातला आठ मिलिमीटरचा फरक चूक वाटायला लागतो. दुसरा प्रयत्न मोकळा, विखुरलेला. आई म्हणाली, "हे सांडल्यासारखं दिसतंय." खरंच होतं. कारण शोधायला वेळ लागला: मी केंद्रांमधलं अंतर सारखं ठेवत होते. गोल वस्तूंत डोळा केंद्र बघतच नाही, कडेपासून कडेपर्यंतची फट बघतो. फटी एकीकडे दोन सेंटिमीटर आणि दुसरीकडे नऊ झाल्या होत्या. सगळ्या फटी ४ ते ५ मध्ये आणल्या आणि अचानक अठरा वेगवेगळे गोल एका घोळक्यात आले.

मोठी मध्यभागी नको, डावीकडे खाली. तिच्या वजनानं घोळका जमिनीला टेकतो. विलो पाच एकत्र न ठेवता सगळीकडे पेरल्या, म्हणजे नजर निळ्यावरून निळ्यावर जाते. सोनेरी काठाच्या लहान बशा फटींत आणि बाहेरच्या कडेला. गुलाबी दोन कुठेही बसेनात. फिक्या रंगाचं काहीच शेजारी नाही, त्या एकट्या पडतात. त्या आईच्या खोलीतल्या कपाटात, समोर दिसतील अशा.

मांडता मांडता जुन्या राजवाड्यांतल्या पोर्सेलिनच्या खोल्या आठवत होत्या. लिस्बनच्या सांतुश राजवाड्यात एका लहान खोलीचं पिरॅमिडसारखं छत आतून चिनी निळ्या-पांढऱ्या प्लेटांनी मढवलेलं आहे, अडीचशेहून जास्त, १७ व्या शतकात बसवलेल्या. बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्ग राजवाड्यातला पोर्सेलिन कक्ष १८ व्या शतकाच्या सुरुवातीचा, भिंती जमिनीपासून छतापर्यंत भरलेल्या आणि आरशांत पुन्हा दुप्पट झालेल्या. चित्रकार व्हिसलरनं १८७६–७७ मध्ये लंडनमध्ये रंगवलेली मोरांची खोली, जी आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, तीही मुळात एका माणसाच्या चिनी मातीच्या भांड्यांसाठीच केलेली. तिथे भिंतभर फडताळं आहेत. हे सगळं वैभव दाखवण्यासाठी होतं. तरी शार्लोटनबुर्गच्या फोटोंतून एक गोष्ट उचलली: त्या गर्दीतही प्रत्येक प्लेटेची कड पूर्ण दिसते. एकही दुसरीवर चढलेली नाही.

जमिनीवरच्या मांडणीचा शिडीवरून फोटो काढला. मग कागद भिंतीवर, मास्किंग टेपनं.

रविवार, १८ जानेवारी

आठवडाभर कागदच राहतील. संग्रहालयात चित्रांचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास धरतात. इथे समोर बसून बघायचं आहे, म्हणून पूर्ण घोळक्याचा मध्य १३५ वर आणला.

गुरुवार, २२ जानेवारी

कागदांनी चार दिवसांत जे सांगितलं ते जमिनीवर कळलं नसतं. दार जोरात लागलं की उजवीकडचे दोन कागद थरथरतात. तिथे प्लेट नको. संपूर्ण घोळका १२ सेंटिमीटर डावीकडे. आणि कपाटाचं वरचं झाकण पूर्ण उघडलं की मोठ्या प्लेटेच्या जागेवर जाऊन आपटतं. हे आईच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मोठी आठ सेंटिमीटर वर सरकली, तिच्या मागोमाग आणखी सहा जणी.

शनिवार, २४ जानेवारी

हँगर. इथे घाई करायची नव्हती आणि मी केली.

तीन प्रकार वापरतेय. नाताळ प्लेटांचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवलेला आहे: मागच्या बैठकीच्या कड्याला (प्लेट ज्यावर टेकते त्या वर उठलेल्या गोलाला), भट्टीत जायच्या आधीच, दोन भोकं पाडलेली आहेत. डेन्मार्कच्या बिंग अँड ग्रोन्डाल कारखान्यानं १८९५ मध्ये पहिली नाताळ प्लेट काढली, नंतर दर वर्षी एक. या प्लेटा भिंतीसाठीच जन्मल्या. भोकांतून वेणीचा नायलॉन दोरा, दुहेरी गाठ, गाठीचं टोक किंचित वितळवून. तीन प्लेटा वीस मिनिटांत तयार.

लहान बशा, पन्हळीदार आणि विलो यांना चिकटणारी गोल चकती. कापडी चकतीच्या मागे पाण्यानं जागा होणारा गोंद असतो. ओला करून हात चिकटेल इतका होईपर्यंत थांबायचं, बैठकीच्या कड्याच्या आतल्या सपाट भागावर दाबायची, पूर्ण रात्र वाळू द्यायची. नको असेल तेव्हा पाण्यात ठेवली की सुटते, काही उरत नाही. आईच्या अटीत हे चोख बसतं. पण पाठ गुळगुळीत झिलईची हवी. जाळी पडलेल्या तपकिरीला ही नाही: गोंदाचं पाणी रेषांत जाईल, आणि काढताना परत बुडवावी लागेल. जिच्या मागे सोनं किंवा वरून रंगवलेलं काही आहे तिलाही नाही. एका विलोच्या मागे झिलईला फोड होते, तिची चकती सकाळी टोकाकडून उचलायला लागली. पुन्हा भिजवून काढली. तीही आता स्प्रिंगवर.

स्प्रिंगचे तारेचे हँगर मोठीला, तपकिरी दोघींना आणि त्या विलोला. खालचे दोन आकडे आधी कडेला अडकवायचे, मग स्प्रिंग ताणून वरचे. मापाची एक पायरी लहान घेतली तर ताण भलताच वाढतो. मोठीसाठी माझ्याकडे होता तो 'जवळपास' बसत होता. ताणून वरचा आकडा कडेवर आणला आणि टक्‌ असा आवाज झाला. मागच्या बाजूनं, कडेपासून आत, तीन मिलिमीटरचा टवका. समोरून दिसत नाही. पण आत्याकडे ती असताना तो नव्हता, माळ्यावर अकरा वर्षं असताना नव्हता, आणि आता तो कायमचा आहे. टवका कागदाच्या पुडीत घालून, वर तारीख लिहून ठेवला. आईला लगेच सांगितलं. तिनं कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आज आता पुरे."

रविवार, २५ जानेवारी

मोठ्या मापाचा हँगर आणला. चारही आकड्यांवर बारीक पारदर्शक नळीचे तुकडे चढवले. उघडी तार सोन्यावर घासली की महिन्याभरात रेघ पडते. आता एका बोटानं स्प्रिंग ताणली जाते आणि तरी प्लेट उलटी धरून हलवली तर जागची हलत नाही. एवढाच ताण हवा. वरचा आकडा टवक्याच्या जागेपासून चार सेंटिमीटर दूर.

चकत्या आणि दोरे यांची परीक्षा: प्रत्येक प्लेट पलंगावर, गादीपासून वीतभर उंच, खुर्चीच्या पाठीला बांधलेल्या हुकावर रात्रभर टांगलेली. एकही पडली नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

भिंत. भाऊ ड्रिल घेऊन आला.

आधी बोटाच्या पेरानं सगळी भिंत वाजवली. उजवीकडे वर एक ओंजळीएवढा भाग पोकळ वाजतो, तिथला गिलावा विटेपासून सुटलाय. तिथली बशी पाच सेंटिमीटर खाली. दिव्याच्या बटणांच्या सरळ वर-खाली वायर जाते असं धरूनच चालायचं. त्या पट्ट्यात एकही भोक नाही. शोधक यंत्र फिरवलं तेव्हा त्यानंही तिथेच आवाज दिला.

हुकाची जागा कशी काढायची यात लोक चुकतात. कागदाच्या गोलाच्या मध्यावर खूण करून चालत नाही. प्लेट हँगरसकट हुकावर टांगून, वजनानं स्प्रिंग किंवा दोरा ताणला गेल्यावर, हुकापासून प्लेटेच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. ते प्रत्येकीचं वेगळं: नाताळ प्लेटांचं चार सेंटिमीटर, मोठीचं जेमतेम एक. ते अंतर ज्या त्या कागदावर वरच्या कडेपासून खाली मोजून फुली मारली आणि कागदावरूनच भोक पाडलं.

मोठी, तपकिरी, विलो आणि पन्हळीदार यांना ६ मिलिमीटरचं भोक, प्लास्टिकचा प्लग, स्क्रू. प्लग गिलाव्यातच थांबता कामा नये, विटेत शिरला पाहिजे; इथे गिलावा दोन सेंटिमीटर, म्हणून भोक पाच सेंटिमीटर खोल. ड्रिलच्या पात्यावर तेवढ्या मापाला टेप गुंडाळला. लहान बशा आणि नाताळ प्लेटांना दोन बारीक पोलादी खिळ्यांचे हुक पुरले. प्रत्येक भोकाखाली कागदाची घडी टेपनं चिकटवून, धूळ त्यात.

अठरा भोकं. दोन चुकली, ती लांबीनं बुजवून शेजारी नवी पाडली. प्लेटांच्या मागे लपतील.

रविवार, १ फेब्रुवारी

प्लेटा वर गेल्या.

कपाट बाजूला ओढून खाली दोन गाद्या, त्यांवर रजया. भाऊ शिडीवर, मी हातात देणार, आई दूर बसून "जरा डावीकडे" सांगणार. लहानांपासून सुरुवात केली, हात सरावावा म्हणून. प्रत्येकीला टांगल्यावर खालच्या कडेला हळूच ओढून बघायचं: हुकाची पकड आली का. पाठीमागे खालच्या बाजूला फेल्टचे दोन ठिपके लावले आहेत, त्यामुळे प्लेट पुढे कलत नाही, भिंतीवर वाजत नाही आणि धूळ पुसताना गोल फिरत नाही.

पुलाची माणसं सरळ उभी राहावीत म्हणून पाच विलोंना सगळ्यात जास्त वेळ लागला. पाणसळ प्लेटेवर धरून उपयोग नाही, गोलाला सरळ बाजूच नसते. दूर उभं राहून डोळ्यानंच.

मोठी शेवटी. भावानं दोन्ही हातांनी वर नेली, मी खालून हात धरून उभी. हुकावर बसल्याचा आवाज आला तरी दोघांनी हात लगेच काढले नाहीत.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग, "तिच्या घरात या सगळ्या एका वेळी कधीच बाहेर नव्हत्या," एवढंच.

रविवार, ८ फेब्रुवारी

आठवडा झाला, काही हललेलं नाही. दार लागताना एका लहान बशीतून बारीक किणकिण यायची; फेल्टचा एक ठिपका सुटला होता, बदलला.

दिव्याचं गणित चुकलं होतं. समोरचा छतातला दिवा प्रत्येक प्लेटेत पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसायचा, अठरा ठिपके. तो बंद करून भिंतीजवळ, वरून उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत पडेल असा दिवा लावला. झळाळी खाली जमिनीकडे गेली आणि पन्हळींच्या सावल्या पहिल्यांदा दिसल्या. ऊन दुपारी तासभर येतं. भट्टीत पक्क्या झालेल्या रंगांना त्याची भीती नाही.

धूळ झटकायला मऊ कोरडा ब्रश, भिंतीवरच. वर्षातून एकदा उतरवून दोरे, चकत्या आणि स्प्रिंग तपासायच्या. कपाटाच्या आतल्या बाजूला कागद लावून तारीख लिहिली आहे.

टाच्यांच्या विलोसाठी फळी करून घेतली: ३० सेंटिमीटर लांब, वर एक सेंटिमीटर खोल खाच, पुढे बोटभर उंच पट्टी. खाचेत फेल्ट. प्लेट तिरकी टेकून उभी राहते, कुठेही आवळलेली नाही. घोळक्याच्या उजवीकडे, खाली, हात पोचेल अशी. चित्राची बाजू पुढे, शेजारच्या विलोसारखी.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळी बघते तर फळीवरची प्लेट उलटी उभी. चार टाचे खोलीकडे तोंड करून, तिरप्या उजेडात चमकत होते. मला वाटलं पुसताना राहिली असेल, म्हणून सरळ करायला हात लावला.

"राहू दे तशी," आई आतून म्हणाली. "पुढची बाजू त्या पाचांची दिसतेच आहे."

उलटी ठेवली की प्लेट पुढे जास्त झुकते, कारण बैठकीचं कडं आता पुढे आलं आणि भिंतीला टेकते ती नुसती कड. खाचेत मागच्या बाजूनं फेल्टची आणखी एक पट्टी लावली, भिंतीवर कड टेकते तिथे एक ठिपका. आता पक्की आहे.